आवाज आत घेताना : गेन आणि पोलॅरिटी

(न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या सभासदांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने न्यासाने जी कामे अंगावर घेतली आहेत त्यांतले एक असे की, सभासदांच्या घरोघरी पडून असलेल्या जुन्या कॅसेटी व टेपची रिळे गोळा करावयाची, त्यांवरचा आवाज संगणकात उतरवून घ्यावयाचा, आणि मूळ वस्तू ज्याची त्यास परत करावयाची. या कामास हात लावण्यापूर्वी त्यातील दोन बाबी सर्वांस नीट कळाव्यात म्हणून मला येथे उभे केले आहे. पहिली बाब इनपुट गेन, म्हणजे आवाज आत घेताना तो किती चढवून घ्यावयाचा ही. दुसरी पोलॅरिटी, म्हणजे आवाजाची सुलट-उलट बाजू. विषय रुक्ष आहे हे मी आधीच कबूल करतो. जेवणाची पाने मांडली जात असल्याचा आवाज मलाही ऐकू येत आहे, तेव्हा फार वेळ घेणार नाही.

आपल्या घरांतल्या त्या खोक्यांत काय आहे याचा विचार करा. कोणाकडे आजोबांचे कीर्तन आहे, कोणाकडे श्रावणातली कहाणी सांगणारी आजी आहे, कोणाकडे गणेशोत्सवातल्या मेळ्याची गाणी आहेत. यांतल्या बहुतेक वस्तूंची दुसरी प्रत नाही. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. तो चिकटपणा वर्षांगणिक सुटत जातो आणि टेप वाजविताना भुकटी यंत्राच्या हेडवर उतरते. काही टेपा अशा असतात की त्या एकदाच धड वाजतील, दुसऱ्यांदा वाजतील याची खात्री नाही. म्हणून आवाज आत घेण्याची वेळ ही एकच वेळ समजून चालले पाहिजे.

या वेळी दोन तऱ्हेच्या चुका संभवतात. गेनची चूक झाली तर ती पुढे भरून येत नाही. पोलॅरिटीची चूक एका बटणाने, काडीचेही नुकसान न होता, दहा वर्षांनीसुद्धा दुरुस्त होते. आणि गंमत अशी की, ऐकणाऱ्यास पहिली चूक बहुधा क्षुल्लक वाटते, तर दुसरी पाहून तो कपाळावर हात मारून घेतो. हा उलटा समज दूर झाला तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

संगणकात आवाज कसा शिरतो ते आधी थोडक्यात सांगतो. आवाज म्हणजे हवेचा दाब क्षणात वाढणे व क्षणात कमी होणे. माइक किंवा टेपचे यंत्र त्याचे विजेत रूपांतर करते, आणि इंटरफेस नावाची छोटी पेटी ती वीज मोजून तिचे आकडे बनविते. सीडीच्या पद्धतीत हे मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळा होते. दाब वाढला तर धन आकडा, कमी झाला तर ऋण. सोळा बिटांच्या मापात वरचा शेवटचा आकडा ३२,७६७ आणि खालचा उणे ३२,७६८. त्यापलीकडे मोजपट्टीच नाही. मीटरवर या शेवटच्या टोकास शून्य डेसिबल म्हणतात, आणि बाकी सर्व आवाज त्याच्या खाली, म्हणजे उणे आकड्यांत दाखवितात. सहा डेसिबल खाली म्हणजे लाटेची उंची सुमारे निम्मी, वीस डेसिबल खाली म्हणजे एक दशांश. एवढे दोन आकडे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता कोणी म्हणेल, मोजपट्टी संपली तर होईल काय? गणपतीची मूर्ती दारातून आत नेताना दाराची चौकट ठेंगणी असली तर मुकुट मोडतो. मूर्ती आत गेली की पुढे मंडप कितीही उंच असो, मुकुट परत येत नाही. आवाजाच्या लाटेचा माथा तसाच सपाट कापला जातो. यास क्लिपिंग म्हणतात. ऐकताना तो आवाज फाटल्यासारखा, कर्कश लागतो. लाटेचा कापलेला भाग कोठेही साठलेला नसतो. ऑडासिटी या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्लिप फिक्स' नावाची सोय आहे, अन्य सॉफ्टवेअरांतही अशा सोयी आहेत, पण त्या आजूबाजूचा उतार पाहून मधला माथा कसा असावा याचा अंदाज बांधतात. थोडे खरचटले असेल तर हा अंदाज चालून जातो. सबंध कीर्तन फाटलेले असेल तर तो अंदाज म्हणजे आजोबांचा आवाज नव्हे.

येथे एक गोष्ट मी जरा घोळवून सांगणार आहे, कारण नव्या कार्यकर्त्यांची गल्लत होते ती येथेच. गेनचे बटण दोन ठिकाणी असते. एक इंटरफेसच्या पेटीवर, हाताने फिरविण्याचे. ते वीज मोजली जाण्यापूर्वी काम करते. दुसरे सॉफ्टवेअरच्या पडद्यावर, सरकविण्याचे. ते पुष्कळदा आकडे बनून झाल्यानंतर काम करते. मीटर लाल झाले की आपण पडद्यावरची पट्टी खाली ओढतो, मीटर उणे सहावर येते आणि मनाला समाधान वाटते. पण माथा पेटीतच कापला गेला असेल तर आपण फक्त फाटका आवाज हळू केला, एवढेच. लाटेचे चित्र मोठे करून पाहा, डोंगरांच्या जागी पठारे दिसतील. म्हणून नियम असा की, लाल दिवा लागला तर हात पेटीकडे गेला पाहिजे, माउसकडे नव्हे. काही यंत्रांत पडद्यावरची पट्टी पेटीतल्या बटणाशीच जोडलेली असते. आपले यंत्र कोणत्या जातीचे हे एखाद्या निरुपयोगी टेपवर मुद्दाम गेन चढवून एकदा तपासून घ्यावे.

उलट सॉफ्टवेअरच्या पोटात आवाज गेल्यावर तेथे जागा मुबलक असते. ऑडासिटी आतले हिशेब बत्तीस बिटांच्या तरत्या दशांशांत ठेवते. तेथे आवाज शून्याच्या वर गेला तरी तो हरवत नाही, खाली ओढला की जसाच्या तसा मिळतो. म्हणजे घर प्रशस्त आहे, अरुंद आहे तो उंबरठा. अलीकडे दोन मोजपट्ट्या एकदम वापरून उंबरठ्यावरच बत्तीस बिटांत ध्वनिमुद्रण करणारी यंत्रेही निघाली आहेत. ती चांगली आहेत, पण आपल्या कामास आवश्यक नाहीत, आणि न्यासाच्या निधीतून ती घ्यावीत असे मला वाटत नाही.

मग गेन किती ठेवावा? चोवीस बिटांत घ्यावे, आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा माथा उणे बारा ते उणे सहा डेसिबल यांच्या दरम्यान राहील असे ठेवावे. यावर आमच्यातले जुने जाणकार नाक मुरडतात. "काटा लाल पट्टीला लागल्याशिवाय रेकॉर्डिंग कसले?" असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या काळी बरोबर होते. टेपला स्वतःची सळसळ असते. आवाज हळू भरला तर तो त्या सळसळीत बुडतो. म्हणून तो चढवून भरीत. शिवाय चुंबकीय टेप मर्यादेबाहेर गेली तरी एकदम माथा कापीत नाही, हळूहळू दाबते, आणि तो दाब कित्येकदा कानाला गोडही लागतो. त्यांचा काटाही संथ होता. त्यास पूर्ण चढावयास सुमारे तीनशे मिलिसेकंद लागत, म्हणून तबल्याची थाप किंवा टाळांचा ठोका त्याला दिसतच नसे. संगणकाचे माप याच्या अगदी उलट आहे. ते शून्यापर्यंत चोख आणि शून्यानंतर निर्दय. चोवीस बिटांचा पल्ला हिशेबाने सुमारे १४४ डेसिबल. प्रत्यक्षात यंत्रे त्याहून कमी देतात, तरी साध्या कॅसेटचा पल्ला जेमतेम पन्नास-साठ डेसिबल असताना ते भरपूर झाले. बारा डेसिबल मोकळे सोडल्याने आपले काहीही जात नाही. कॅसेटची स्वतःची सळसळ यंत्राच्या सळसळीपेक्षा कितीतरी मोठी असते.

ध्वनिमुद्रणाच्या अगदी पहिल्या काळात तर गेनचे बटणच नव्हते. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा समोर वीज नव्हती, पत्र्याचा कर्णा होता. तान चढली की गायकाने तोंड मागे घ्यावयाचे, स्वर उतरला की पुढे यावयाचे. अंतर हेच त्यांचे गेन. विजेचे मुद्रण १९२५ च्या सुमारास आले, आणि तेव्हापासून गायकाची जबाबदारी बटण धरणाऱ्याच्या हाती आली. १९५५ साली आपल्या इंदुरात आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर हे बटण धरणारी माणसे आपल्याही गावात तयार झाली.

प्रत्यक्ष रीत अशी. टेप मिळाली की ती प्रथम हाताने सैल करून घ्यावी आणि सर्वांत मोठा आवाज कोठे असेल याचा अंदाज करावा. कीर्तन असेल तर पूर्वरंगाच्या निरूपणावर गेन ठरवू नये. कीर्तनकार तेथे समजावणीच्या सुरात बोलतात. जयघोषाला सारी सभा एकदम उसळते आणि टाळ वाजतात, ती जागा पाहावी. आरती शेवटी असते, तीही पाहावी. आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या धाटणीचा विलंबित ख्याल असेल तर सुरुवात मंद्रात, इतकी शांत असते की बटण चढविण्याचा मोह होतो. पुढे द्रुतातल्या ताना आल्या म्हणजे तो मोह महाग पडतो. त्या मोठ्या जागेचे काही सेकंद वाजवून बटण ठरवावे, नंतर टेप मागे घेऊन आरंभापासून उतरवावी आणि मध्ये बटणास हात लावू नये. हळू भाग नंतर सॉफ्टवेअरात चढविता येतो.

फोनवर मुद्रण करणाऱ्यांस आणखी एक सांगणे आहे. फोनमध्ये बहुधा स्वयंचलित गेन असते. बोलणारा थांबला की यंत्र आपण होऊन आवाज चढविते, आणि त्या शांततेत पंख्याची घरघर व मागल्या रांगेतला खोकला व्याख्यात्याइतका मोठा होतो. तो पुन्हा बोलू लागला की पहिला शब्द दणका मारल्यासारखा येतो. जेथे ही सोय बंद करता येते तेथे ती बंदच ठेवावी.

आता पोलॅरिटीकडे वळू.

दाब वाढला तर धन, कमी झाला तर ऋण, असे मी म्हटले. सर्व आकड्यांची चिन्हे उलट केली, धनाचे ऋण व ऋणाचे धन, की आवाजाची पोलॅरिटी उलटली. ऑडासिटीत या बटणाचे नाव 'इन्व्हर्ट'. इतर सॉफ्टवेअरांत शून्यावर तिरपी रेघ मारलेले चिन्ह असते. एकटा आवाज उलटविला तर सामान्य कानास काही फरक कळत नाही. गंमत होते ती तोच आवाज दोन वाटांनी आला म्हणजे. झोपाळ्याला दोघांनी एकाच बाजूने झोका दिला तर तो उंच जातो. एकाच वेळी समोरासमोरून सारख्या जोराने ढकलले तर झोपाळा जागचा हलत नाही. दोन्ही वाटा सुलट असल्या तर आवाज दुप्पट, एक उलटली तर शून्य.

याचे एक उदाहरण आपल्याच परिवारातले आहे. एका घरच्या वृद्ध काकूंनी हळदीकुंकवाच्या समारंभात तासभर भाषण केले. ध्वनिक्षेपक भाड्याने आणला होता, आणि ते भाषण मिक्सरमधून थेट रेकॉर्डरमध्ये घेतले होते. पुढे काकू गेल्या. तेराव्यानंतर मुलांनी ते ध्वनिमुद्रण फोनवर लावले तर शब्द ऐकूच येईना. दूर कोठेतरी सळसळ, बस. कार्ड खराब झाले असे समजून ते टाकून द्यावयाच्या बेतात होते. सुनेने सहज कानात इअरफोन घातले, तर काकू बोलत होत्या! आवाज मात्र चमत्कारिक, समोरून न येता डोक्याच्या मागून आल्यासारखा.

झाले होते ते असे. मिक्सरमधून आवाज दोन तारांवर बाहेर पडतो, एकीवर सुलट व दुसरीवर तोच उलट. असे करण्यास सबळ कारण आहे. वाटेत विजेची गुणगुण शिरली तर ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते. पलीकडचे यंत्र दोन तारांतला फरक तेवढा घेते, त्यामुळे गुणगुण गळून पडते व आवाज उरतो. लांब माइक-केबल शांत राहते ती या युक्तीमुळे. पण ती तीन भागांची जाड पिन रेकॉर्डरच्या स्टिरिओ तोंडात गेली तर रेकॉर्डर समजतो की ही डावी बाजू व ही उजवी. डावीत सुलट काकू, उजवीत उलट काकू. इअरफोनमध्ये दोन्ही कान वेगळे, म्हणून आवाज ऐकू येतो. एकच कर्णा असलेल्या फोनने दोन्ही बाजूंची बेरीज केली आणि काकू नाहीशा झाल्या.

दुरुस्तीस मिनिटही लागले नाही. सॉफ्टवेअरात दोन्ही बाजू वेगळ्या केल्या, एक बाजू इन्व्हर्ट केली, पुन्हा एकत्र केल्या. खरे तर एक बाजू नुसती वगळली असती तरी भागले असते. काकूंचा आवाज होता तसा, अक्षर न गमावता परत आला. मोजणीच्या वेळी गेन नीट होते, म्हणूनच परत येण्यासाठी काही शिल्लक होते हेही ध्यानात घ्यावे. त्याच समारंभात नातीने म्हटलेले गाणे दुसऱ्या कोणीतरी फोन अगदी ध्वनिक्षेपकापाशी धरून टिपले होते. ते लावल्याबरोबर मोठ्याने वाजे, म्हणून सर्वांनी ते चांगले म्हणून जपून ठेवले होते. ते आरंभापासून शेवटपर्यंत फाटलेले आहे, आणि तसेच राहणार.

पखवाज वा ढोलकी मुद्रित करणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. दोन्ही तोंडांना दोन माइक लावले व एका तोंडावर थाप पडली की ते कातडे आत जाते आणि आतली हवा दुसरे कातडे बाहेर ढकलते. म्हणजे एक कातडे आपल्या माइकपासून दूर जाते, दुसरे आपल्या माइककडे येते. खालच्या सुरांत हे दोन माइक एकमेकांस छेद देतात आणि थापेतला भरीवपणा जातो. अशा वेळी एका माइकची पोलॅरिटी उलटवून पाहावी, आणि ज्या स्थितीत थाप भरदार लागेल ती ठेवावी. तबल्यास हा न्याय लागू नाही, कारण त्याची दोन भांडी स्वतंत्र आहेत.

तथापि हे बटण म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. चिन्ह उलटणे वेगळे आणि आवाज उशिरा पोहोचणे वेगळे. हवेत आवाज सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर अंतरास एक मिलिसेकंद. दोन माइक कमीअधिक अंतरावर असतील तर काही सूर जुळतात व काही कटतात; बटण दाबले तर कटणारे सूर बदलतात, एवढेच. आपल्या कॅसेटींत हीच गोष्ट फार सूक्ष्म रूपाने येते. कॅसेट सेकंदास ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. दहा हजार कंपनांच्या सुराची लाट त्या टेपवर पाच मायक्रॉनहूनही आखूड असते. वाजविणाऱ्या हेडचा कोन केसभर तिरपा असला की वरच्या पट्टीतले सारे, म्हणजे स, श, च यांची धार, नाहीसे होते. याला पोलॅरिटी-बटणाचा उपाय नाही. हेडचा छोटा स्क्रू त्या त्या टेपपुरता फिरवून, आवाज स्वच्छ लागेपर्यंत कान लावून, मगच उतरवून घ्यावयास हवे. हेही उंबरठ्यावरचेच काम.

शेवटी पोलॅरिटीचा एक उपयोग सांगतो, जो मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो. आवाज उतरविल्यावर सळसळ काढून टाकण्याची सर्वांस घाई असते. सॉफ्टवेअर ते काम करते, आणि वाहवत गेले तर सळसळीबरोबर माणसाचा श्वास आणि शब्दांच्या कडाही नेते. नेमके काय गेले ते कसे कळावे? मूळ प्रत व साफ केलेली प्रत एकाखाली एक, तंतोतंत त्याच क्षणापासून मांडावी. साफ प्रतीचा आवाज कमीअधिक केलेला नसावा. मग ती इन्व्हर्ट करावी आणि दोन्ही एकत्र वाजवावी. जे दोहोंत सारखे ते कटते, आणि जे टाकून दिले गेले तेवढेच ऐकू येते. नुसती सळसळ ऐकू आली तर काम ठीक झाले. त्या सळसळीत आजीचा 'स' कुजबुजताना ऐकू आला तर सफाई जास्त झाली, मागे या. आणि प्रत कितीही सुंदर साफ झाली तरी मूळ उतरविलेली प्रत पुसू नये, असा ठराव विश्वस्तांनी करावा अशी माझी विनंती आहे. जागेची अडचण नाही. तासभराच्या चोवीस बिटांच्या स्टिरिओ आवाजास एक गिगाबाइटही पुरते.

सभागृहाच्या व्यवस्थापकांनाही एक सुचवावयाचे आहे. येथले दोन ध्वनिक्षेपक एकमेकांविरुद्ध जोडले गेले असतील तर मध्यभागी बसलेल्यांस आवाज पोकळ लागतो. तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा, धन टोक लाल खुणेला. बहुतेक कर्ण्यांचा पडदा बाहेर येतो. एकाचा बाहेर व दुसऱ्याचा आत गेला तर एकाच्या तारा बदलाव्या. चहाच्या सुट्टीत होण्यासारखे काम आहे.

टेपा आणावयास सुरुवात झाली आहेच. आणताना त्यांवरची चिठ्ठी फाडू नये. ती चुकीची वाटली तरी तिच्याशेजारी दुसरी लावावी. घरच्या यंत्रावर 'चालते का पाहू' म्हणून ती वाजवू नये. आणि प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या ज्या दोन इवल्या पात्या असतात त्या नखाने मोडून आणाव्या, म्हणजे कोणाचा हात चुकून लाल बटणावर पडला तरी त्या टेपवर दुसरे काही भरले जाणार नाही.